मनगटातली दाटी

सरकारी कागदावर माझ्या पदाचं नाव भौतिकोपचार तज्ज्ञ असं होतं. ते नाव पूर्ण उच्चारलेलं मी दोनदाच ऐकलं, रुजू झाले तेव्हा आणि निरोपाच्या समारंभात. त्यातही निरोपाच्या वेळी बोलणारे गृहस्थ मध्येच अडखळले. बाकीची सगळी वर्षं मी करंटवाली बाई होते. माझ्या खोलीत करंटचं यंत्र होतं, शेकाचं यंत्र होतं, खांदा फिरवायचं एक लाकडी चाक होतं आणि छताच्या कडीला टांगलेला, हात वर ओढून घ्यायचा एक दोर होता. यांपैकी दोर तेवढा कधी बिघडला नाही.

माझं काम म्हणजे लोकांचे हातपाय त्यांच्याकडूनच हलवून घेणं. ऐकायला सोपं आहे. पण आमच्या भंडारा जिल्ह्यातला माणूस दवाखान्यात येतो तो सुई घ्यायला, नाहीतर गोळी घ्यायला. तुम्हीच काहीतरी करा म्हटलं की त्याला फसवल्यासारखं वाटतं. एक निवृत्त तलाठी आखडलेला खांदा घेऊन यायचे. व्यायाम शिकवायला लागले की म्हणायचे, "आमच्या हिला शिकवा, माझ्या लक्षात राहत नाही." तीन आठवड्यांनी बायकोचा खांदा असा सुरेख फिरायला लागला की बघत राहावं. यांचा जिथल्या तिथे.

तर अशा या खोलीत एकदा दिवाळीनंतर, धान कापणीचे दिवस संपत आले असताना, सायत्राबाई आली. तिचीच गोष्ट सांगायची आहे. कारण माझ्या नोकरीत मला सगळ्यात जास्त वेळा गंडवलं ते तिने, आणि जिच्या बाबतीत मी चुकले तीही तीच.

पन्नाशीची, ठेंगणी, दंडाने भक्कम बाई. गळ्यात मानेचा पांढरा पट्टा घट्ट आवळलेला, त्यामुळे माझ्याकडे बघायला तिला सगळं अंग वळवावं लागत होतं.

"मानेला काय झालं?" मी विचारलं.

"मानेले काईच नाही झालं जी. हातात मुंग्या येते."

"मग पट्टा मानेला का?"

"तेच मी इचारून राहिली तीन महिन्यांपासून. गावातला डॉक्टर म्हनते का मानेतली नस दबली. पट्टा बांधला तवापासून मानही दुखाले लागली."

सायत्राबाई करडी गावची. घरी थोडं धान होतं, पण तिची ओळख लंबी रोटीची. आमच्या भागातल्या लग्नाकार्यांत ही रोटी लागतेच. कणकीचा सैलसर, चिवट गोळा परातीत आपटून आपटून मऊ करायचा, मग तो दोन्ही हातांवर झेलत, मनगटं वाकवून, रुमालासारखा पातळ ताणायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मटक्यावर अलगद टाकायचा. अंगठ्याच्या आणि दोन बोटांच्या चिमटीत सगळी कला असते. चिमूट सुटली की रोटीला भोक. सायत्राबाईच्या हाताखाली चार बाया होत्या, आणि आजूबाजूच्या गावांत लग्नाची तारीख धरताना आधी भटजींना विचारत आणि मग हिला.

"कोणत्या बोटांना मुंग्या येतात?"

तिने अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि चौथ्याची एक बाजू दाखवली. "करंगळीले काईच नाही. रातच्यानं हात झोपते. झटकला का जागा होते. पन उजवा आता झटकला तरी पुरा जागा नाही होत."

मी तिच्या मनगटावर बोटाने टिचकी मारली. बोटांपर्यंत झिणझिणी गेली. दोन्ही मनगटं वाकवून धरायला सांगितली, तर मिनिटभरही ती धरू शकली नाही. करंगळी सोडून बाकीच्या बोटांची तक्रार, रात्री जास्त, झटकल्यावर कमी. एवढं ऐकलं की आमच्या धंद्यातल्या माणसाने मानेकडे बघायचंही कारण नसतं. मी तिचा पट्टा सोडला. तिने चारही बाजूंना मान फिरवून खोली बघून घेतली आणि म्हणाली, "बरं वाटलं. आता किती दिवसांनी येऊ?"

"थांबा, अजून काही केलंच नाही."

मग मी तिला समजावलं. मनगटाच्या आत एक बोगदा असतो. खाली आणि दोन्ही बाजूंना हाडं, वरून एक जाड पडदा, जो ताणला जात नाही. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि एक नस जाते.

"करडीहून काळीपिवळी जीप येते ना? तिच्यात नऊ दांडगे गडी आणि एक म्हातारी बसली आहे, असं समजा. काम करून करून गडी सुजले की म्हातारी चेंगरते. ती चेंगरली की बोटांत मुंग्या."

तिने विचार केला. "मंग एखाद्या गड्याले उतरवा ना."

"नाही उतरवता येत. सगळ्यांचं काम आहे."

"तं वरचा टप कापा."

तिने पहिल्या पाच मिनिटांत ऑपरेशन सांगितलं होतं. कारण ऑपरेशनमध्ये करतात ते एवढंच. तळहाताशी लहानशी चीर देऊन तो वरचा पडदा कापायचा, की नसेला जागा होते. पण मी म्हणाले, "इतक्यात कशाला? आधी पट्टीने बघू."

हे 'इतक्यात कशाला' नीट सांगायला हवं. तेव्हा आमच्याकडे हाडांचे एक तरुण डॉक्टर होते. हुशार, हात हलका, पण कुठल्याही ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "पाच मिनिटांचं काम आहे." त्यामुळे मी त्यांना मनातल्या मनात पाचमिनिटे म्हणायचे. ते माझ्या खोलीत आले की दोराकडे बघून हसायचे. मला ते लागायचं. त्यांच्या चाकूवाचून जेवढी माणसं बरी होतील तेवढी मी मोजत होते, खरं सांगते. आणि त्यात अगदीच चूक नव्हतं. मुंग्या येतात आणि जातात, एवढ्यावर असेल तर रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी, थोडे व्यायाम, कामात बदल यांनी पुष्कळ जण बरे होतात. सुरुवातीलाच कोणी चाकू चालवत नाही. सायत्राबाईचा डावा हात या जातीचा होता. उजव्या बोटांच्या टोकांना मात्र दिवसाही पुरतं कळत नव्हतं. ते मी कागदावर लिहिलं, आणि तरी पट्टीच दिली. थायरॉईड आणि साखर तपासून घेतली, तीही कारणं असतात. दोन्ही ठीक निघाली.

पट्ट्या मी स्वतः बनवल्या. भांडारात होत्या त्या पहिलवानाच्या मापाच्या. मी ॲल्युमिनियमची पातळ पट्टी कापून, तिच्या हाताच्या आकारात वाकवून, वर कापूस आणि कापड लावून, दोन बंद शिवले. त्या मला आजही आवडतील अशा झाल्या होत्या.

"झोपताना रोज घालायच्या. दोन्ही."

"घालीन ना."

दर पंधरा दिवसांनी ती यायची. "पट्टी घालता?" "घालतो ना." डाव्याच्या मुंग्या गेल्या. उजव्याचं तिचं उत्तर ठरलेलं, "थोडा फरक आहे." पौषात करडीला आमचं शिबिर होतं. ते उरकल्यावर मी तिच्या घरी गेले. अंगणात तिची शेजारीण पार्बताबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती, आणि तिच्या उजव्या हातात माझी पट्टी.

"ही तुमच्याकडे कशी?"

"आज माही पाळी आहे," पार्बताबाई म्हणाली.

मग उलगडलं. पट्टी घातली की सायत्राबाईला झोप लागते हे आळीत पसरलं होतं. त्याचा अर्थ आळीने असा घेतला की पट्टी झोपेची आहे. एकीला पाठदुखीने झोप नव्हती, एकीला सुनेमुळे नव्हती. डावी पट्टी सायत्राबाईने स्वतःला ठेवली, आणि उजवी घरोघर फिरत होती. पार्बताबाईला तर ती दिवसाही इतकी मानवली होती की काढवत नव्हती.

सायत्राबाई घरातून बाहेर आली. मला बघून जराही गडबडली नाही.

"तुम्ही तर रोज घालते म्हणालात."

"घालतोच ना. डावी."

मी रागवायला गेले आणि पार्बताबाईने मधेच विचारलं, "म्याडम, पायाचीही भेटन का?" मला हसू आलं. हसल्यावर कोणाला रागवता येत नाही.

डाव्याला पट्टीने गुण आला हे त्यातून सिद्ध झालंच होतं. मी उजवी परत तिच्या ताब्यात दिली आणि आणखी महिना थांबले. उजव्याला फरक नव्हता. तेव्हा मी तिला पाचमिनिटे डॉक्टरांकडे पाठवलं, पण चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं, 'इंजेक्शनसाठी'. बोगद्यात सूज कमी करणारं औषध सुईने सोडतात. काहींना त्याने कायमचा आराम पडतो, पुष्कळांना काही महिन्यांचा. डॉक्टरांनी सुई दिली, आणि मला निरोप पाठवला की तीन महिन्यांनी तिला पुन्हा दाखवा, आणि जमलं तर नागपूरला नसेची तपासणी करून घ्या.

त्या तपासणीत हाताला हलका करंट देऊन नस किती वेगाने निरोप नेते ते मोजतात. मी हे सायत्राबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, "करंट तं तुमच्याकडेही आहे. नागपूरले कायले जाऊ?" मीही तो विषय तिथेच सोडला. मला वाटलं, गुण आला तर कशाला?

आणि गुण आला, तोही असा की आठ दिवसांत उजवा हात झोपायचा थांबला. लग्नसराई तोंडावर होती. सायत्राबाईने त्या वर्षी आधी नाही म्हटलेली लग्नंसुद्धा घेतली. सिहोऱ्यापर्यंत जाऊन आली. मी दवाखान्यात सगळ्यांना सांगत फिरले की बघा, चीर न देता बाई पुन्हा मटक्यापुढे बसली. पाचमिनिट्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. ते नुसते हसले.

चैत्रात ती एकदा दुपारी आली होती. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांची पाहणी होती, मी नोंदवह्या पुऱ्या करत होते. ती दाराशी उभी राहून म्हणाली, "म्याडम, हात दाखवाले आली होती."

"मुंग्या येतात?"

"मुंग्या नाही येत."

"मग छान आहे. पट्टी सोडू नका."

ती गेली. मी वहीतून मान वर केली होती, पण खुर्चीवरून उठले नव्हते. मुंग्या दोन कारणांनी थांबतात, हे मी शिकाऊ मुलींना स्वतः शिकवलं आहे. नस सुटली म्हणून थांबतात, किंवा नस इतकी थकली की मुंग्या पाठवायचीही ताकद उरली नाही म्हणून. कुठलं कारण आहे हे बघायला हात हातात घ्यावा लागतो. अर्धं मिनिट लागतं.

पावसाळ्यात धानाची रोवणी सुरू झाली तेव्हा ती पुन्हा आली, सोबत नवरा नत्थूजी. शांत माणूस, डोक्याला रुमाल, बोलायचं काम त्याने बायकोकडे दिलेलं. सायत्राबाईच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या. जेठातल्या शेवटच्या एका लग्नात बोटं तापलेल्या मटक्याला टेकली होती आणि तिला कळलंच नव्हतं. शेजारच्या बाईने वास आला म्हणून हात ओढला.

"दुखलं नाही," ती म्हणाली. "त्याचंच भेव वाटलं."

मी या वेळी हात हातात घेतला. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो, तो उजव्या हाताला बसला होता. डाव्याशेजारी ठेवला तर आंधळ्यालाही कळलं असतं. अंगठा आणि करंगळी जुळवायला सांगितली, तर अंगठा अर्ध्या वाटेवर थांबला. मी तिच्या चिमटीत एक कागद दिला आणि हलकेच ओढला. तो लगेच निघून आला. त्या चिमटीवर तिची रोटी होती.

त्याच पावली मी तिला पाचमिनिट्यांच्या खोलीत नेलं. त्यांनी हात बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता बोलतील. पण "या आठवड्यातच करू," एवढंच म्हणाले. त्यांच्याबद्दलचं माझं मत तेव्हा पहिल्यांदा बदललं.

सायत्राबाईने अट घातली, "म्याडम आत असन तं हात देतो, नाही तं नाही." म्हणून मी ऑपरेशनच्या खोलीत तिच्या डोक्याशी उभी राहिले. यात भूल फक्त हातापुरती असते, माणूस जागा असतो. आणि सायत्राबाई जागी असली की बोलते. हिरवा पडदा मध्ये, पलीकडे डॉक्टर, अलीकडे ती.

"दुखतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही दुखत. पन तुमी बोलत नाही जी. कापनारा मानूस चूप बसला का भेव लागते."

"तुम्ही बोला, मी ऐकतो."

मग तिने कणीक सांगितली. गहू कोणता, मीठ किती, पाणी किती वेळाने, कणीक किती वेळ आपटायची. नर्सने मध्येच विचारलं की तेल कधी घालायचं, तर तिने पडद्याआडून फटकारलं की तेल घालनाऱ्या बाया येगळ्या. मी घड्याळाकडे बघत होते. टाके पडल्यावर म्हणाले, "सर, अठरा मिनिटं."

"बोलणं धरून?" त्यांनी विचारलं.

दहाबारा दिवसांनी टाके निघाले. बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची, व्रणाला तेल लावून हलकं चोळायचं, आणि दोनेक महिने हाताने जोर करायचा नाही, म्हणजे कणीक आपटायची नाही. ते तिने ऐकलं का, हे बघायला या वेळी मी न सांगता गेले. सायत्राबाई खाटेवर बसली होती, हात मांडीवर, अगदी शहाण्यासारखा. खाली परातीपुढे नत्थूजी. कोपरापर्यंत कणीक माखलेला, जन्मात पहिल्यांदा. कुंपणापाशी दोन-तीन गडी माणसं उगाच उभी होती.

"आपट ना जोरानं," ती नवऱ्याला म्हणत होती. "कनकीले इचारून राहिला का, आपटू का म्हनून?"

मला बघून म्हणाली, "मी हात नाही लावला, म्याडम. इचारा यायले."

नत्थूजी म्हणाला, "नाही लावला. तोंड लावलं." त्याचं मी ऐकलेलं हे एकमेव वाक्य.

हाताचं पुढे असं झालं. बोटांची जाण बहुतेक परत आली, गरम-गार कळायला लागलं, झोप लागायला लागली. अंगठ्याचा उंचवटा थोडा भरला, पण पूर्ण भरला नाही. वर्षभर मी तिच्याकडून दगडासारख्या घट्ट मातीचे गोळे दाबून घेतले, कपडे वाळत घालायचे चिमटे उघडून घेतले. तरी चिमटीतला जोर अर्ध्याच्या वर गेला नाही. नस फार काळ चेंगरलेली असली की एवढंच हाती लागतं. रोटी ताणायचं काम हळूहळू तिच्या हाताखालच्या कमलकडे गेलं. सायत्राबाई आता मटक्याशी बसते, आच बघते, भाजलेली रोटी उतरवते, आणि कमल ताणत असताना तिच्या हातांकडे बघत राहते. ते बघणं मी एका लग्नात पाहिलं आहे. 

निवृत्तीनंतर गेल्या उन्हाळ्यात सिहोऱ्याला एका ओळखीच्या घरी लग्न होतं. मांडवामागे चुली पेटल्या होत्या. मी जेवायला न बसता आधी तिथे गेले. सायत्राबाईने तांब्याभर पाणी दिलं आणि शेजारी बसा म्हणून पाट सरकवला. कितीतरी दिवस मनात होतं ते मी बोलून टाकलं.

"सायत्राबाई, चूक माझी झाली. तुमचं ऑपरेशन मी सहा महिने आधी करायला लावायला हवं होतं. आणि त्या दिवशी दारातून परत पाठवलं तेही."

तिने मटक्यावरची रोटी उतरवली, घडी घातली, टोपलीत ठेवली.

"तुमी कायले जीवाले लावून घेता. सुई देल्ली त्याच दिवशी त्या डॉक्टरनं मले सांगतलं होतं का ऑपरेशन करून टाक, हात जाईन. मीच म्हनली, म्याडम नाही म्हनते."

"मी कधी नाही म्हणाले? तुम्ही मला विचारलंच नाही."

"इचारलं असतं तं तुमी हो म्हनलं असतं. मंग शीजन गेला असता ना माहा. दोन महिने बसली असती तं या पोट्ट्या दुसरीकडे गेल्या असत्या. तुमच्या नावानं शीजन काढला मी." ती चुलीत लाकूड सारत म्हणाली. "घरीही तेच सांगतलं. म्याडम नाही म्हनते."

 डॉक्टरांनी मला पाठवलेल्या निरोपात असं काही नव्हतं. पण त्यांनी त्या दिवशीच्या वहीत लिहिलं असणार. ऑपरेशन सुचवलं, रुग्ण तयार नाही, असं ते नेहमी लिहायचे. वही अजून दवाखान्यात असेल. जाऊन बघणं कठीण नाही.

"खरं सांगता?" मी विचारलं.

"म्याडम," सायत्राबाई म्हणाली, "मी तुमच्यासंग कधी खोटं बोलली का?"

मी वही बघायला गेले नाही. तिने डाव्या हाताने एक गरम रोटी उचलून माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, रस वाढून राहिले, जाऊन बसा. मी जाऊन बसले.